परसबागेचं बी कुठून घ्यावं? जिल्हा कृषी अधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, वर्धा यांस,



मृग तोंडावर आला आहे. आता जिल्हाभरातल्या कृषी केंद्रांपुढे कपाशी आणि सोयाबीनच्या बियाण्यासाठी गर्दी होईल, आपली भरारी पथकं रस्त्यावर उतरतील, बोगस बियाण्याच्या बातम्या रोज छापून येतील. ते सगळं व्हायलाच हवं, कारण वर्ध्याच्या शेतकऱ्याचं वर्ष त्या एका पिशवीवर अवलंबून असतं. पण याच दुकानांच्या पायरीवर आणखी एक ग्राहक उभा असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. घरामागच्या सांदवाडीत चार वाफे करणारी बाई, लवकीचा वेल मांडवावर चढवणारा निवृत्त मास्तर, गच्चीवर कुंड्यांत वांगी लावणारं तरुण जोडपं, शाळेच्या आवारात परसबाग फुलवणारे गुरुजी. यांना लागतं ते मूठभर भेंडी, चिमूटभर वांगं, थोडी बरबटी, थोडा सांबार. हे बी कुठून घ्यावं, हा प्रश्न लहान दिसतो. माझ्या मते तो लहान नाही. म्हणून हे पत्र.

आधी दुकानात काय घडतं ते सांगतो. टमाटरचं बी फार बारीक असतं, एका ग्रॅममध्ये साधारण ३०० दाणे बसतात. दुकानात मिळणारं पाकीट बहुतेक वेळा १० ग्रॅमचं, म्हणजे जवळपास ३,००० दाण्यांचं. पाच-सहा गुंठ्यांच्या लागवडीला पुरेल इतकं. घराला लागतात दहा-पंधरा रोपं. मग दोनच रस्ते उरतात. एक तर शेतकऱ्यासाठी बांधलेलं महागडं संकरित पाकीट घ्यायचं आणि त्यातलं बहुतेक बी वाया घालवायचं, नाहीतर दुकानदाराने फोडलेल्या पाकिटातून किंवा बरणीतून सुटं बी कागदाच्या पुडीत बांधून घ्यायचं. बहुतेक लोक दुसरा रस्ता धरतात. पुडी घरी येते, पण वाणाचं नाव, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवणक्षमता आणि वापराची मुदत हे सगळं दुकानातच राहतं. बी उगवलं नाही तर बाई म्हणते, माझ्या हातालाच गुण नाही. मी हे वाक्य इतक्या जणींकडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं की राग येतो. दोष तिच्या हाताचा नसतो. तिला काय विकलं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

बियाणे कायदा १९६६ सालचा आहे. अधिसूचित वाणांच्या बियाण्याने उगवणक्षमतेची आणि शुद्धतेची किमान पातळी गाठलीच पाहिजे आणि ती लेबलावर लिहिलीच पाहिजे, असं तो सांगतो. प्रमाणित बियाण्यासाठी वांगं आणि टमाटरची किमान उगवण ७० टक्के, भेंडीची ६५, मिरचीची आणि लवकीसारख्या वेलांची ६० टक्के ठरलेली आहे. प्रमाणित बियाण्याला निळं लेबल असतं, सत्यप्रत बियाण्याला हिरवं. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याकडे परवाना हवा, साठा आणि दर लिहिलेला फलक दुकानात हवा आणि ग्राहकाला पावती द्यायला हवी. कपाशीच्या पिशवीची पावती आता शेतकरी मागतो, कारण अनुभवाने तो शहाणा झाला आहे. मेथीच्या पुडीची पावती कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. बियाणं निकृष्ट निघालं तर शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं. पण वीस रुपयांच्या पुडीसाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार? म्हणून परसबागेचं संरक्षण खरेदीच्या वेळीच झालं पाहिजे. नंतर ते होत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. वर्ध्याचा मे महिना आपण जाणताच. पारा ४५ च्या वर जातो, कधी ४७ लाही टेकतो. बियाणं साठवण्याच्या शास्त्रात एक ढोबळ नियम आहे: साठवणीचं तापमान ५ अंशांनी वाढलं की बियाण्याचं आयुष्य सुमारे निम्मं होतं. पत्र्याखालच्या दुकानात, दर्शनी काचेत, उन्हात टांगलेली पाकिटं मृगापर्यंत कशी राहत असतील याचा हिशेब यावरून करता येतो. कांद्याचं बी तर मुळातच अल्पायुषी, एका हंगामानंतर त्याचा भरवसा नाही. वांगं, टमाटर, लवकी नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं टिकतं. त्यामुळे कुठल्या दुकानातून घ्यावं असं मला कुणी विचारलं तर मी कंपनीचं नाव सांगत नाही. पाकिटं कुठं टांगली आहेत ते बघ, असं सांगतो. सावलीत, थंड जागी, बंद डब्यात ठेवलेलं बी विकणारा आणि चाचणीची तारीख विचारल्यावर न चिडता पाकीट उलटून दाखवणारा दुकानदार आपल्या शहरातही आहे. त्याच्याकडे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता वाणाचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाजारातली भाजीपाल्याची बहुतेक आकर्षक पाकिटं संकरित वाणांची आहेत. संकरित वाणाला माझा विरोध नाही. विकण्यासाठी एकसारखा माल हवा असेल, पानं वळणाऱ्या विषाणूने टमाटर हातचा जात असेल, तर शेतकऱ्याने चांगला संकरित वाण जरूर घ्यावा. पण परसबागेला सगळा माल एकाच आठवड्यात नको असतो. तिला दोन-तीन महिने रोज थोडं थोडं हवं असतं. शिवाय संकरित वाणाच्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावलं तर आईबापासारखी झाडं येत नाहीत, दरवर्षी दुकान गाठावंच लागतं. सरळ वाण घेतला तर एकदा घेतलेलं बी घरात राहतं. त्यातही पीक पाहून चालावं लागतं. बरबटी, वाल, मेथी, टमाटर ही पिकं बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतात, त्यांचं बी धरायला काहीच कौशल्य लागत नाही. वांगं, मिरची, भेंडीत मधमाश्या थोडीफार सरमिसळ करतात, म्हणून चांगलं झाड निवडून त्याची दोन फळं पिकेपर्यंत वेगळी राखावीत. वेलवर्गीय भाज्यांची गोष्ट निराळी. प्रमाणित बियाण्यासाठी त्यांच्या दोन वाणांत ५०० मीटर अंतर राखावं लागतं, ते शहरातल्या परसबागेत शक्य नाही. मादी फुलाला उमलण्याआधी कागदी पिशवी बांधून हाताने परागण केलं तरच बी शुद्ध राहतं. (घरच्या बियाण्यातून आलेली लवकी कडू लागली तर ती सरळ फेकून द्यावी, थोडीशीही खाऊ नये. त्यात विषारी द्रव्य असतं.) पत्ताकोबी आणि बहुतेक फुलकोबीचं बी तर आपल्याकडे धरताच येत नाही, त्यांना फुलायला डोंगरातली थंडी लागते. ते विकतच घ्यावं आणि बिनदिक्कत घ्यावं.

सरळ वाणांची आपल्याकडे वानवा नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये दिलेली परभणी क्रांती भेंडी, बंगळूरची अर्का अनामिका, अकोल्याची अरुणा वांगी आणि जयंती मिरची, अकोला सफेद कांदा, पुसा नवबहार गवार, पुसा चेतकी मुळा. यांतल्या काहींची रोगप्रतिकारशक्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगापुढे जुने वाण कमी पडतात, हे खरं आहे. पण दहा झाडांच्या वाफ्यात रोगट झाड दिसताच उपटून टाकता येतं. शेतात ते जमत नाही, घरी सहज जमतं. सार्वजनिक संस्थेने दिलेल्या सरळ वाणाला कमी लेखू नये, याचं उदाहरण शेजारच्या मराठवाड्यातच आहे. जालन्याच्या बद्रिनारायण बारवाले यांना दिल्लीच्या कृषी प्रदर्शनात पुसा सावनी भेंडीचं बी मिळालं, ते त्यांनी वाढवलं, विकलं, आणि त्याच वाटेने १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी उभी राहिली. देशातल्या खासगी बियाणे उद्योगाच्या पायाशी सरकारी संस्थेने तयार केलेली, कुणालाही बी धरता येईल अशी एक भेंडी आहे.

प्रश्न इतकाच की हे बी वर्ध्यात मिळतं कुठं? महाबीजचं मुख्यालय अकोल्याला, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्याला, बीज प्रमाणीकरण यंत्रणाही अकोल्यालाच. वर्ध्याहून गाडीने तीनेक तासांचा प्रवास. मिरचीच्या वीस रोपांसाठी कुणी अकोल्याला जाणार नाही. विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र सेलसुऱ्याला आहे, पण शहरातल्या किती घरांना ते आपलं वाटतं? बंगळूरची भारतीय बागवानी संशोधन संस्था आणि राष्ट्रीय बीज निगम यांची छोटी पाकिटं ऑनलाइन मागवता येतात. इंटरनेटवर मागवायचंच असेल तर तिथूनच मागवावं असं माझं मत आहे. बाकी ऑनलाइन बाजारात निळ्या टमाटरची आणि इंद्रधनुष्यी मिरच्यांची चित्रं भरपूर, पण पाकिटावर लॉट क्रमांक नसतो, तारीख नसते, विकणाऱ्याचा पत्ता सापडत नाही. २०२० मध्ये जगभर अनेकांच्या घरी न मागवलेल्या बियाण्यांची अनोळखी पाकिटं टपालाने आली तेव्हा आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयालाही राज्यांना सावध करावं लागलं होतं. अनोळखी बियाण्यासोबत रोग आणि तणही येतं, ही भीती खोटी नाही. ‘देशी’ किंवा ‘गावरान’ असं मोठ्या अक्षरात छापून वाणाचं नावच न देणाऱ्या पाकिटांवरही माझा विश्वास नाही, मग ती कितीही प्रेमाने विकली जात असोत.

आणखी एक जागा आहे, जिचा उल्लेख कृषी खात्याच्या पुस्तिकांत सहसा नसतो. किराणा दुकान. धने, मेथी, मोहरी, बरबटी हे बी गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या डब्यातून काढून लावत आली आहे. त्यात चूक काही नाही. मात्र दुकानातले धने जुने असू शकतात, म्हणून आधी चाचणी करावी. ओल्या गोणपाटावर किंवा सुती कापडावर १०० दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि उगवलेले दाणे मोजायचे. सोयाबीनसाठी आपलं खातं हीच चाचणी गावोगावी करून दाखवतं. वांगं-मिरचीला १४ दिवस वाट पाहावी लागते, बरबटीला आठवडाही लागत नाही. नवरात्रात घट बसवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागणार नाही.

उलट एका गोष्टीची जोरात सूचना द्यावी लागेल. दुकानातल्या पाकिटातलं गुलाबी, निळं, लाल रंगाचं बी औषध लावलेलं असतं. लेबलावर विषाची खूण असते, पण पुडीत बांधून आणलेल्या बियाला ती खूण कुठून असणार? शाळेच्या परसबागेत लहान मुलं हे बी हातात घेतात. उरलेली रंगीत मेथी कुणी फोडणीत टाकली तर काय होईल, हे मी लिहायला नको.

साहेब, वर्ध्याने हा प्रश्न दुसऱ्या जिल्ह्यांच्या आधी सोडवावा असं मला का वाटतं तेही सांगतो. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथेच, मगनवाडीत, काम करू लागला. १९३५ साली गांधीजींनी तिथे आसपास उगवणाऱ्या पालेभाज्या रोजच्या जेवणात आणण्याचे प्रयोग केले. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५० मध्ये बैलांशिवाय, हाताने करायची ऋषिशेती सुरू केली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेतीकामातून शिकतात. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव (हळद्या) ची हळद २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवू शकली, कारण तिथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचं बेणं राखलं. त्याच वर्षी मानांकन मिळालेल्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीचं क्षेत्र संकरित मिरचीपुढे आक्रसत गेलं. ही दोन्ही उदाहरणं आपल्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. बेणं घरात टिकतं तेव्हा काय होतं आणि दुकानाच्या भरवशावर सोडलं की काय होतं, हे आपल्याच पट्ट्यात दिसतं.

गावात अजूनही बी राखणाऱ्या बायका आहेत. राखेत घोळवून मडक्यात ठेवलेलं वालाचं बी, छताला टांगलेलं दोडक्याचं वाळलेलं फळ, कागदाच्या पुडीतली अंबाडी, ढेमसं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम केलं आणि बायफ या संस्थेच्या मदतीने त्याची बीजबँक झाली, २०२० च्या यादीत त्यांचं नाव पद्मश्रीसाठी आलं. नागपूरला बीजोत्सव भरतो आणि विदर्भातले बी राखणारे तिथे जमतात. वर्ध्यातल्या बायकांना मात्र अनेकदा वाटतं की परवान्याशिवाय बी देणं-घेणं म्हणजे गुन्हा. तसं नाही. स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्या जागेवरून थेट दुसऱ्याला पेरण्यासाठी देणाऱ्याला १९६६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाने सूट दिली आहे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने तर शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. ही गोष्ट आपल्या सहीच्या एका साध्या मराठी पत्रकातून ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागली, तर कितीतरी मडक्यांची झाकणं उघडतील.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत आणि त्यांना फार पैसाही लागणार नाही. रोहिणी नक्षत्रात, कपाशीची गर्दी होण्यापूर्वी, वर्धा, हिंगणघाट आणि आर्वीला दोन-दोन दिवसांचा भाजी बियाण्यांचा बाजार भरवा. सेलसुऱ्याचं केंद्र, अकोल्याचं विद्यापीठ आणि महाबीज यांना तिथे सरळ वाणांची दोन-दोन, पाच-पाच ग्रॅमची पाकिटं विकायला बोलवा. त्यांच्याच शेजारी गावातल्या बी राखणाऱ्या बायकांना आपलं बी मांडू द्या, अदलाबदल होऊ द्या. असाच बाजार रब्बीसाठी दसऱ्याच्या सुमारास भरला तर सांबार, मेथी, पालक, मुळ्याची सोय होईल. कृषी केंद्रांची तपासणी करताना निरीक्षकांनी भाजीच्या पाकिटांकडेही पाहावं: ती उन्हात आहेत का, मुदत संपलेली आहेत का, सुटं बी विकताना मूळ लेबलाची माहिती पुडीवर लिहून दिली जाते का. दुकानदाराने फळ्यावर ‘सरळ वाण’ आणि ‘संकरित’ अशा दोन ओळी लिहिल्या तरी अर्धं काम होईल.

पोषण परसबागेसाठी बचत गटांना आणि शाळांना बियाण्यांचे संच दिले जातात, त्याबद्दल एक विशेष विनंती. संचात औषध न लावलेलं, सरळ वाणाचं, हंगामाला योग्य असंच बी असावं आणि प्रत्येक पुडीवर वाणाचं नाव व चाचणीची तारीख असावी. जूनमध्ये फुलकोबी आणि पालकाचं बी वाटून हिशेब पूर्ण होतो, पण मुलांच्या ताटात भाजी येत नाही. संच घेणाऱ्या प्रत्येक शाळेने एका तरी पिकाचं बी धरून पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेला द्यावं, अशी अट घातली तर तिसऱ्या वर्षी खरेदीची रक्कम नक्कीच कमी होईल.

वाचकांनाही एक सांगणं आहे. हे पत्र आपल्यासाठीही आहे. साहेबांचा बाजार भरो न भरो, या मृगाला बी घेताना पाकीट उलटून बघा, वाणाचं नाव विचारा, पावती मागा, सुटं बी घेतलंत तर पुडीवर नाव आणि तारीख तिथेच लिहून घ्या. शेजारणीकडे बरबटीचं जुनं बी असेल तर दुकानात जाण्याआधी तिच्या दारात जा.

साहेब, यंदाच्या रोहिणी नक्षत्राला आता थोडेच दिवस आहेत. पहिला बाजार लहान भरला तरी चालेल, वर्ध्यात एका मंडपाखाली भरला तरी चालेल. तारीख जाहीर करा, माणसं जमवण्याचं आणि टेबलं मांडण्याचं काम आम्ही परसबागवाले आनंदाने करू.

आपला विश्वासू,
वर्धा शहरातील एक परसबागधारक